पेट्रोल-डिझेल महाग झालंय, तर कोकणात राहून खर्च कसा आवरायचा आणि जाब कुणाला विचारायचा

मागच्या आठवड्यात आमच्या दारावर मासळीवाली मावशी आली होती, वेलदूरहून येते, आणि शेजारच्या वहिनी बांगड्याच्या वाट्यावरून तिच्याशी अशा भांडल्या की मला मध्ये पडावं लागलं. मावशीचं म्हणणं एवढंच होतं, "बाय, टेंपोवाल्यानं भाडं वाढवलान, बर्फ वाढला, मी काय करू?" वहिनींकडे गाडी नाही, त्या पंपावर कधी जात नाहीत, पण डिझेलचे पैसे त्या रोज भरतात, मासळीत, भाजीत, रेशन आणायला केलेल्या रिक्षात. म्हणून हे लिहितेय. अर्धं खर्च कमी करण्याबद्दल आणि अर्धं दोष कुणाचा याबद्दल, कारण चुकीच्या माणसाशी भांडून काहीच स्वस्त होत नाही.

मी गुहागर तालुक्यात राहते, घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते, थोडी आंब्याची आणि सुपारीची बाग आहे. इथे गाडी ही चैन नाही हे शहरातल्या लोकांना पटकन कळत नाही. मोठा डॉक्टर, बँकेचं मोठं काम, रेल्वे, सगळं चिपळूणला, म्हणजे जवळपास ४५ किलोमीटर, जाऊन येऊन ९०, आणि रस्ता सगळा चढउताराचा. माझी स्कूटर इकडे ४५ चा अॅव्हरेज देते, म्हणजे एका चिपळूण फेरीला दोन लिटर, दोनशेच्या वर रुपये, आणि त्यात चहासुद्धा धरलेला नाही. तर पहिली गोष्ट ही की बचत गाडीच्या इंजिनात शोधू नका, फेऱ्यांत शोधा. ट्यूनिंग करून, हवा भरून, नीट चालवून तुम्ही शंभरातले दहा-पंधरा रुपये वाचवाल, न केलेल्या फेरीचे शंभरच्या शंभर वाचतात.

एक महिना वहीत लिहा. टाकी फुल करा, किलोमीटरचा आकडा लिहा, पुढच्या वेळी परत फुल करताना किती लिटर बसलं आणि किती किलोमीटर झाले ते लिहा, आणि शेजारी कशासाठी गेलो ते एका शब्दात. मी लिहिलं तेव्हा दिसलं की शृंगारतळीच्या बाजारात मी आठवड्यातून पाच वेळा जात होते, कधी कोथिंबिरीसाठी, कधी एका झेरॉक्ससाठी. आता दोनदा जाते. वाडीतल्या तिघींचा व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय, जी जाईल ती सगळ्यांचं आणते, औषधं, खत, कुरियर, सगळं. यात कुणाचे उपकार नाहीत, पुढच्या वेळी दुसरी जाते.

मग एसटी. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ च्या वरच्या आजी-आजोबांना २०२२ पासून फुकट, आणि तरी आम्ही सवयीने स्कूटर काढतो कारण गाडी वेळेवर येत नाही. एकटी बाई चिपळूणला जाणार असेल तर एसटीच स्वस्त, हा हिशोब करायलासुद्धा कागद लागत नाही. दोघं एका स्कूटरवर असाल आणि वाटेत चार कामं असतील तर स्कूटर परवडते. तिघं-चौघं असाल तर शेअरची सहा आसनी रिक्षा बघा, एका माणसासाठी अख्खी रिक्षा करू नका.

फेरीबोट विसरू नका. धोपावे-दाभोळ, तवसाळ-जयगड, तिकडे वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी. दापोलीकडे जायला कुणी अजून चिपळूण-खेडवरून वळसा घालून जातं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, खाडी ओलांडली की काम होतं, तिकीट देऊनसुद्धा पेट्रोल आणि अर्धा दिवस वाचतो. फक्त शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारून घ्या, आणि रांगेत उभे असाल तर इंजिन बंद करा. रेल्वे फाटकाला पण तेच.

आता गाडीचं. टायरमध्ये हवा पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना. एअर फिल्टर, कारण आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ एवढी असते की मुंबई-गोवा हायवेचं काम चालू असलेल्या भागात रोज जाणाऱ्याचा फिल्टर सांगितलेल्या मुदतीच्या आधीच चोंदतो. मोटरसायकल असेल तर पावसाळ्यात चेनला ऑइल, नाहीतर ती गंजून जड होते. ४० ते ५० च्या स्पीडला चालवा, क्लचवर पाय किंवा बोट ठेवून चालवू नका. आणि घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून किंवा बंद करून सोडून देणारे, हे कृपा करून थांबवा. पेट्रोल वाचतं असं वाटतं पण फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जाणंच बंद होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतं. म्हणजे बचत शून्य, आणि ब्रेक तापून फेल झाला तर परशुराम घाटात काय होतं ते सांगायला नको.

पंपावर पहाटे गेलं की जास्त मिळतं, शंभरऐवजी एकशे दहाचं टाकलं की माप बरोबर येतं, हे सगळं सोडून द्या. टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही. त्यापेक्षा मीटर शून्यावर बघा, आणि संशय आला तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाला मोजून बघायचा हक्क आहे. मी एकदा एका पंपावर मागितलं तर आधी टाळाटाळ झाली, मग वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचं नाव काढल्यावर माप बाहेर आलं.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लिटरला लिटर बघितलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, म्हणून अॅव्हरेज थोडा पडतो, तो तुमचा भास नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडची पावसाळी हवा तर माहितीच आहे. चाकरमान्यांच्या ज्या गाड्या गणपती ते शिमगा पडवीत झाकून उभ्या असतात त्यांच्यात पेट्रोल जुनं होऊ देऊ नका, घरच्या कुणीतरी पंधरा दिवसांनी चालवावी. आणि भाव वाढणार म्हणून कॅनमध्ये पेट्रोल भरून घरात ठेवू नका, चूल आणि गॅस शेजारी असतो.

इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल सगळे विचारतात. रोज ३०-४० किलोमीटरच्या आत फिरणं असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल तर घ्यावी, पूर्ण चार्जला तीन-चार युनिट लागतात, पेट्रोलशी तुलनाच नाही. पण कंपनी सांगते त्या रेंजमधून चढणीची घट धरा. आणि वीज. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, म्हणून घरात दोन गाड्या असतील तर एक पेट्रोलची राहू द्या.

घरातल्या गॅसचं मी थोडक्यात सांगते. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं बंद केलं की सिलिंडर किती दिवस जास्त जातो ते बघा. न्हाणीतल्या चुलीला नारळाची सोडणं, माडाची सुकलेली चुडतं, बागेतला पालापाचोळा भरपूर आहे. स्वयंपाक मात्र परत धुरात नेऊ नका, आपल्या आयांनी त्या धुरात डोळे आणि छाती घालवली. कडधान्य रात्री भिजवा, कुकर वापरा, भात-पेजेला उकळी आली की झाकण ठेवून गॅस बारीक. दोन-तीन गुरं असतील तर गोबर गॅस खरंच परवडतो, शेणखत वर फुकट मिळतं.

बागवाल्यांसाठी: फवारणीचा पंप आणि ग्रासकटर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी लावा. डिझेलचा पाण्याचा पंप असेल तर सौर कृषी पंपाच्या सरकारी योजनेचा अर्ज करा, शेतकऱ्याला १० टक्के हिस्सा भरायचा असतो, अनुसूचित जाती-जमातींना ५. पावसात सौर चालत नाही म्हणतात, पण पावसात आपल्याला पाणी लावायचं कुठे असतं, पाणी लागतं डिसेंबर ते मे, तेव्हा ऊन सणसणीत असतं.

बोटवाल्यांना मी काय शिकवणार, पण वेलदूरच्या एका नाखवाने जे सांगितलं ते इथे लिहिते. एक, जून-जुलैच्या बंदीत बोट शाकारून ठेवता तेव्हा तळ घासून घ्या, शेवाळ आणि चिकटलेल्या शिंपल्यांमुळे इंजिन वाढीव डिझेल खातं, आणि पंख्याचं पातं वाकलेलं असेल तर ते सरळ करा. दोन, येता-जाता पूर्ण रेस देऊ नका, वेग दहा टक्के कमी केला तर तेवढ्याच अंतराला साधारण वीस टक्के डिझेल वाचतं. तीन, हैदराबादची इन्कॉइस संस्था मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते उपग्रहावरून सांगते, फुकट, ते बघून निघा म्हणजे समुद्रात शोधत फिरणं कमी होतं. आणि डिझेलवरच्या व्हॅटचा, म्हणजे राज्याच्या कराचा, परतावा मच्छीमार सोसायटीमार्फत मिळतो, तो उशिरा मिळतो, पण बिलं आणि परवाने नीट ठेवले नाहीत तर उशिरासुद्धा मिळत नाही. मार्च २०२२ मध्ये घाऊक गिऱ्हाईकांचं डिझेल लिटरमागे पंचवीस रुपयांनी वाढवलं आणि मच्छीमार सोसायट्याही त्यातच धरल्या गेल्या, म्हणजे मासे पकडणाऱ्याला रस्त्यावरच्या गाडीवाल्यापेक्षा महाग डिझेल. तो राग अजून बंदरात आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

आता दोष. पंपावरच्या पोराचा नाही, पंपमालकाला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं, भाव तो ठरवत नाही. एसटीच्या कंडक्टरचा नाही. मावशीचा तर नाहीच.

आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, डॉलरमध्ये, त्यामुळे तिकडे युद्ध झालं किंवा रुपया पडला की भाव वाढणार, हे खरं आहे आणि ते मान्य करायला पाहिजे. पण मग उलटं का होत नाही हा माझा प्रश्न आहे. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे जगात कच्च्या तेलाला कुणी विचारत नव्हतं, अमेरिकेत तर एक दिवस भाव शून्याच्या खाली गेला. आपल्याकडे त्या मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये कर वाढवला. २०१४ साली पेट्रोलवर केंद्राचा कर लिटरला ९ रुपये ४८ पैसे होता, तो ३२ रुपये ९८ पैसे झाला. स्वस्ताई आली तेव्हा ती दिल्लीत अडली, आणि वर्षभरात, मे २०२१ मध्ये, मुंबईत पेट्रोल शंभरावर गेलं. नंतर नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ ला कर उतरवला, पण २०१४ च्या आकड्यापर्यंत तो आला नाही.

जुन्या सरकारने तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेल्या ऑइल बाँडमुळे, म्हणजे कर्जरोख्यांमुळे, कर घ्यावा लागतो असं सांगत आले. ते बाँड साधारण एक लाख तीस हजार कोटींच्या घरातले. एकट्या २०२०-२१ मध्ये पेट्रोल-डिझेलवर केंद्राला साडेतीन लाख कोटींच्या वर उत्पादन शुल्क मिळालं. तुम्हीच वजाबाकी करा. त्यातही बरीच रक्कम सेस (उपकर) म्हणून घेतली की तिच्यात राज्यांना वाटा द्यावा लागत नाही.

म्हणून राज्य सुटलं असं नाही. आपला व्हॅट टक्क्यांत आहे, पेट्रोलवर २५, डिझेलवर २१, शिवाय पेट्रोलवर लिटरमागे काही रुपये वेगळे. टक्क्यांत असल्यामुळे भाव वाढला की राज्याची कमाई आपोआप वाढते, कुणाला निर्णयसुद्धा घ्यावा लागत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बऱ्याच राज्यांनी व्हॅट कमी केला तेव्हा महाराष्ट्राने केला नाही, नीट कपात आली जुलै २०२२ ला, सरकार बदलल्यावर. बांदा-सावंतवाडीचे लोक गोव्यात जाऊन टाकी भरून येतात ती हौस नाही, हद्द ओलांडली की कर बदलतो. आणि जीएसटीत पेट्रोल आणायचं पाऊल अजून ना केंद्राने उचललंय ना राज्यांनी.

भाव रोज बदलतात हे २०१७ पासून ठरलेलं. तरी ४ नोव्हेंबर २०२१ ते २२ मार्च २०२२ असे १३७ दिवस भाव हलला नाही, मध्ये उत्तर प्रदेश, पंजाब, गोवा वगैरे निवडणुका होत्या. निकाल लागले, आणि २२ मार्चपासून पंधरा-सोळा दिवसांत दहा रुपये वाढले. २०२४ ला लोकसभेची तारीख जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी दोन रुपये उतरले. त्या २०२३-२४ वर्षात तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी मिळून ८० हजार कोटींच्या वर नफा कमावला. आधीच्या वर्षी पहिल्या सहामाहीत त्यांनी तोटा सोसला होता हे खरं, पण वाढ आपल्यापर्यंत लगेच येते आणि उतार यायला निवडणूक लागते, हे मला अजिबात मान्य नाही.

आणि एक दोष आपल्या भागापुरता. समोर समुद्र आहे, एके काळी मुंबईहून बंदरं घेत गोव्यापर्यंत प्रवासी बोटी जायच्या, त्या बंद झाल्या. हायवेचं काम २०११ पासून चालू आहे, खड्ड्यांत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर जे पेट्रोल जळतं त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. कोकण रेल्वे पूर्ण विजेवर आली, ट्रक रेल्वेवर चढवून नेणारी रोरो १९९९ पासून चालते, पण आपल्या गावातून स्टेशनला जायला एसटी नसेल तर त्या विजेचा आपल्याला उपयोग काय.

म्हणून जाब विचारायचा तर असा विचारा. खासदाराला: सेस किती, आणि कच्चं तेल उतरलं की तो किती दिवसांत उतरणार. आमदाराला: व्हॅट टक्क्यांऐवजी ठरावीक रुपयांत का नाही. आणि ग्रामसभेत एसटीचा ठराव घ्या, हे सगळ्यात लवकर हातात येणारं काम आहे. आम्ही आमच्या वाडीची बंद झालेली वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला राहणारी, गाडी मागितली तेव्हा पहिला अर्ज नुसता "गाडी सुरू करावी" असा होता, तो पडून राहिला. दुसऱ्यांदा दोन आठवडे मुलींनी फाट्यावर बसून मोजलं, सकाळी सहा ते आठ किती माणसं, किती कॉलेजची, किती दवाखान्याची, ते आकडे, सह्या, ग्रामसभेचा ठराव आणि गाडी रेल्वेच्या वेळेला जोडण्याची मागणी असं सगळं आगारात दिलं आणि पोच घेतली. तुम्ही पण मोजणी पावसाळ्यात करू नका, शाळा-कॉलेज चालू असताना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करा, आकडा पूर्ण येतो, आणि पोचेवर आवक नंबर आणि तारीख टाकून घ्या.