ऑस्ट्रेलियाची तयारी: आधी काय खोडायचं

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही नऊ नावं लिहिली होती: सिडनी, मेलबर्न, ग्रेट ओशन रोड, टास्मानिया, उलुरू (वाळवंटातला तो प्रचंड खडक), काकाडू (उत्तरेतलं राष्ट्रीय उद्यान), केर्न्स, गोल्ड कोस्ट आणि पर्थ. सुट्टी चार आठवड्यांची, माणसं पाच. आम्ही दोघं, नऊ आणि साडेपाच वर्षांच्या मुली आणि सासूबाई. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली आणि विचारलं, "अगं, यात झोपायचं कुठल्या दिवशी?" तिथून आमची खरी तयारी सुरू झाली.

म्हणून यादीतलं पहिलं काम लिहिण्याचं नाही, खोडण्याचं. ऑस्ट्रेलिया सुमारे 77 लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि नकाशावर तो अजिबात तेवढा वाटत नाही. सिडनी आणि मेलबर्न शेजारी शेजारी दिसतात, पण मध्ये जवळपास 880 किलोमीटर रस्ता आहे, म्हणजे एक अख्खा दिवस. सिडनीहून पर्थला जाणारी इंडियन पॅसिफिक रेल्वे 4,352 किलोमीटर धावते, आणि त्यात नलरबोर पठारावर 478 किलोमीटर रुळाला एकही वळण नाही. विमानानं गेलात तरी पूर्व किनाऱ्यावरून पर्थला चार-पाच तास उडावं लागतं. आम्ही हिशेब सोपा केला: ठिकाणं मोजायची नाहीत, मुक्काम मोजायचे. एक मुक्काम हलवला की बॅगा भरणं, गाडी परत करणं, विमानतळ, नवी खोली यात दिवस गेलाच. 28 दिवसांत पाच मुक्काम, त्याहून एकही जास्त नाही. पर्थ, टास्मानिया, गोल्ड कोस्ट आणि काकाडू गेले. काकाडूवरून घरात दोन दिवस अबोला होता, पण खोडलं ते खोडलं.

कुठलं नाव राहील हे खरं तर महिना ठरवतो. दक्षिण गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. उत्तर भागाचं गणित निराळं असतं हे मात्र तिकीट काढल्यावर कळतं. डार्विन, काकाडू, केर्न्स या पट्ट्यात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. काकाडूतले कित्येक रस्ते तेव्हा पाण्याखाली असतात. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात उत्तर क्वीन्सलंडच्या समुद्रात विषारी जेलीफिश येतात, आणि पाण्यात उतरायचं तर अंगभर सूट घालावा लागतो. उलट जून-जुलैत उत्तरेला हवा सुरेख, पण मेलबर्नला थंडी आणि पाऊस. आणि उलुरू पडलं वाळवंटात: जानेवारीत भाजून निघाल, जुलैच्या पहाटे कुडकुडाल. तिन्ही भाग एकाच सहलीत हवे असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यातल्या त्यात सगळ्यांना मानवणारा काळ. आम्ही तोच धरला. फक्त तिथल्या शाळांच्या सुट्ट्या राज्यवार पाहून घ्या. प्रत्येक राज्याचं वेळापत्रक वेगळं असतं आणि त्या आठवड्यांत खोल्यांचे भाव चढतात.

मग व्हिसा. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना सबक्लास 600 हा व्हिजिटर व्हिसा लागतो आणि अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. कुटुंब एक असलं तरी अर्ज प्रत्येकाचा वेगळा आणि शुल्कही वेगळं, अगदी तान्ह्या बाळाचंसुद्धा. मूल आईवडिलांपैकी एकाबरोबरच जात असेल तर दुसऱ्याच्या संमतीचा फॉर्म 1229 आधीच भरून ठेवावा. मंजुरी ईमेलनं येते, पासपोर्टवर शिक्का किंवा स्टिकर लागत नाही. सासूबाईंना ते काही केल्या पटेना. शेवटी पत्राची प्रिंट काढून त्यांच्या पासपोर्टच्या कव्हरात सरकवली, तेव्हा त्या निश्चिंत झाल्या. तुम्हीही प्रिंट काढा. ती मागतात म्हणून नाही, पत्रातल्या अटी आणि मुक्कामाची मुदत शांतपणे वाचून होते म्हणून. परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात येण्याआधी काढू नका.

विमा ही टाळायची गोष्ट नव्हे. ऑस्ट्रेलियाचा काही मोजक्या देशांशी परस्पर आरोग्य करार आहे, त्यांच्या पाहुण्यांना सरकारी सेवेचा थोडाफार आधार मिळतो. भारत त्या यादीत नाही. म्हणजे दवाखान्याचं बिल तुमचं आणि अँब्युलन्सचंही तुमचंच. ज्येष्ठांच्या विम्यात जुन्या आजारांचं कलम शब्दन् शब्द वाचा. सासूबाईंचा रक्तदाब आम्ही अर्जात लिहिला, हप्ता वाढला, तो मुकाट्यानं भरला. औषधं मूळ वेष्टनात आणि फार तर तीन महिने पुरतील एवढीच न्यायची, सोबत इंग्रजीत लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र. आपत्कालीन क्रमांक 000, तो मोठ्या मुलीकडून पाठ करून घेतला.

बुकिंग शहरांपासून सुरू करू नका. सिडनीत खोली मिळतेच, महाग मिळेल एवढंच. उलुरूजवळ राहायला मात्र युलारा हे एकच छोटं गाव आहे, आणि त्यापुढचं मोठं गाव म्हणजे अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, तेही साडेचारशे किलोमीटरवर. म्हणून आधी युलारा, मग त्याच्या दोन्ही बाजूंची विमानं, मग बाकीचं. उलुरूवर चढाई 26 ऑक्टोबर 2019 पासून कायमची बंद आहे. तिथल्या मूळनिवासी अनांगू लोकांसाठी ती पवित्र जागा आहे. पायथ्याभोवती सुमारे दहा किलोमीटरची सपाट वाट आहे. आम्ही सूर्य उगवताना तिचा एक तुकडा चाललो आणि सासूबाई आमच्यापुढे होत्या. ऊन वाढलं की तिथल्या काही वाटा बंद करतात, तेव्हा चालणं सकाळीच उरकायचं. आणि माश्यांसाठी डोक्यावरून घालायची जाळी घ्या. दुकानात ती हातात घेतल्यावर हसू येतं. दहा मिनिटांनी जाळी नसलेल्याकडे बघून येतं.

आता गाडी, म्हणजे आमचा कच्चा दुवा. वाहतूक डावीकडून, त्यामुळे सवय लवकर होते. परवाना इंग्रजीत असला तर पाहुण्याला चालतो, नसला तर अधिकृत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा. डिपॉझिटची रक्कम क्रेडिट कार्डावर अडकून राहते, मर्यादा पाहून ठेवा. खरी मेख मुलांच्या सीटची. सात वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला वयाप्रमाणे सीट किंवा बूस्टर सक्तीचं आहे, आणि गाडीला मागची रांग असेल तर चार वर्षांखालच्या मुलाला पुढे बसवता येत नाही. सीट तिथल्याच मानकाची लागते, एएस/एनझेडएस 1754 असा शिक्का असलेली. त्यामुळे घरची सीट विमानातून वाहून नेण्यात अर्थ नाही. आम्ही बुकिंग करताना बूस्टर मागितला होता, पावतीवर छापलाही होता. काउंटरवरच्या मुलानं समोर ठेवली ती तान्ह्या बाळाची, मागे तोंड करून बसायची सीट. धाकटीनं त्यात एक पाय घालून पाहिला. दुसऱ्या शाखेतून बूस्टर यायला दीड तास लागला आणि त्या दिवशीचा समुद्रकिनारा अंधारात पाहिला. तेव्हा एक करा: गाडी घ्यायच्या आदल्या दिवशी फोन करून मुलाचं वय आणि वजन पुन्हा सांगा. कॅम्पर व्हॅन घेणार असाल तर पैसे भरण्याआधीच विचारा, कारण काही व्हॅनमध्ये अशी सीट बसवण्याची सोयच नसते.

मेलबर्नजवळचा, समुद्राकाठानं जाणारा ग्रेट ओशन रोड 243 किलोमीटरचा आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो 1919 ते 1932 या काळात बांधला. एका दिवसात होतो म्हणतात. होतो, पण गाडीच्या काचेतून. वळणं एकामागून एक आहेत आणि मागच्या सीटवरचं पोट ती मोजत असतं. आम्ही दोन रात्री वाटेत काढल्या. वाटेत समुद्रात उभे असलेले ट्वेल्व्ह अपॉसल्सचे, म्हणजे 'बारा प्रेषितां'चे, सुळके बारा नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. 2005 मध्ये त्यातला एक कोसळला, आणि बारा तर त्याआधीही नव्हते. आमच्या थोरलीनं तीनदा मोजून तक्रार केली.

शहराबाहेर गाडी चालवणार असाल तर भाड्याच्या करारात दोन गोष्टी शोधा: कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, आणि अंधार पडल्यावर आहे का. बऱ्याचदा नसतो. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, म्हणून सूर्य मावळण्याआधी मुक्कामाला पोचायचं, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही. आतल्या भागात पेट्रोल पंप आणि मोबाइलची रेंज दोन्हीही विरळ. टाकी अर्धी झाली की भरायची, नकाशा फोनवर उतरवून ठेवायचा, माणशी पुरेसं पाणी गाडीत हवंच. समोरून रोड ट्रेन आली तर स्टिअरिंग घट्ट धरा. तीन-चार ट्रेलर जोडलेला हा ट्रक 53 मीटरपर्यंत लांब असू शकतो आणि जाताना वाऱ्याचा तडाखा देऊन जातो.

सामान भरण्याआधी कस्टमचा विचार करायला हवा. उतरण्याआधी माहिती भरून द्यावी लागते आणि त्यात खाण्याच्या वस्तू, बिया, लाकडी वस्तू, मातीचे बूट सगळं जाहीर करायचं असतं. जाहीर केलेल्या वस्तूसाठी दंड होत नाही. फार तर ती काढून घेतात. लपवलेली सापडली तर जागेवर दंड, आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. खाऊ एकाच पिशवीत, छापील वेष्टनात, सगळ्यात वर ठेवा. शंका आली की 'हो' वर खूण करा. आमच्या ह्यांनी ट्रेकचे बूट तळाच्या चिखलासकट भरले होते. अधिकाऱ्यानं ते उलटे करून पाहिले, आत नेले आणि थोड्या वेळानं धुऊन आणून दिले. इतके स्वच्छ ते घेतल्यापासून कधी नव्हते! देशात शिरल्यावरही हे संपत नाही. साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियात बाहेरून फळं न्यायला निर्बंध आहेत. काही रस्त्यांवर सीमेच्या अलीकडे फळं टाकायला डबे ठेवलेले असतात. त्या दिवशी सफरचंदं मोजूनच घ्यावीत.

घड्याळाचं एक पान वेगळं करा. पूर्व आणि मध्य भागात अर्ध्या तासाचा फरक, पश्चिमेला दोन तासांचा. त्यात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया घड्याळ तासभर पुढे करतात. क्वीन्सलंड, नॉर्दर्न टेरिटरी आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया करत नाहीत. केर्न्स ते सिडनी हे तीन तासांचं विमान त्यामुळे तिकिटावर चार तासांचं दिसलं. फोन आपोआप बदलतो, सासूबाईंचं मनगटी घड्याळ बदललं नाही, आणि औषधाच्या वेळा त्या त्याच घड्याळावर पाहत होत्या.

समुद्रात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधोमधच उतरायचं, कारण तेवढ्याच पट्ट्यावर जीवरक्षकांची नजर असते. ओढ आत खेचते ती काठावरून दिसत नाही. उत्तरेकडच्या नद्या आणि खाड्यांपाशी मगरीची पाटी असेल तर तिला गंमत समजू नका, काठापासूनही लांब राहा. ढगाळ दिवशीसुद्धा सनस्क्रीन, टोपी आणि बाह्यांचे कपडे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी वणव्याच्या धोक्याची पातळी रोज सकाळी पाहावी.

बाकी किरकोळ. प्लग तिरप्या सपाट पट्ट्यांचा असतो, तसे दोन अ‍ॅडॉप्टर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड पुरतात. नळाचं पाणी शहरांत पिता येतं. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, काही ठिकाणी वर थोडा अधिभार पडतो. रोख दिली तर रक्कम जवळच्या पाच सेंटच्या पटीत करतात, कारण एक आणि दोन सेंटची नाणी 1992 मध्येच चलनातून काढायला सुरुवात झाली. सिडनीत बँकेचं कार्ड टेकवून प्रवास होतो, पण त्यावर प्रौढांचंच भाडं कापलं जातं. मुलांसाठी चाइल्ड ओपल कार्ड घ्या. मेलबर्नच्या मध्यभागी ट्राम फुकट आहे, आणि क्वीन्सलंडमध्ये सार्वजनिक बसचं भाडं 2024 पासून सरसकट 50 सेंट. मुलींना ते इतकं आवडलं की केर्न्समध्ये एका दुपारी आम्ही नुसतेच बसमधून फिरलो.

परतीच्या दिवसासाठी एक पाकीट आधीच करा. एकाच विक्रेत्याकडे शेवटच्या 60 दिवसांत 300 डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी झाली असेल तर त्यावरचा जीएसटी विमानतळावर परत मागता येतो. बिलं त्या पाकिटात, वस्तू हातातल्या बॅगेत, कारण त्या दाखवाव्या लागतात. उड्डाणाच्या 30 मिनिटं आधी ती खिडकी बंद होते आणि रांग लांब असते. आमची शाल चेक-इनच्या बॅगेत गेली होती.