भरिताचं वांगं परसात लावा, भाजून बघा, मग वाण ठरवा

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात मात्र कुठलंही मोठं हिरवं वांगं त्याच नावानं खपतं. खात्रीचं हवं तर परसात लावा, आणि शेजारी एक-दोन जुने वाण लावून ताडून बघा: जांभळ्या-पांढऱ्या रेघांचा मांजरी गोटा, नाहीतर गावात कुणी बी धरून ठेवलेलं काटेरी वांगं. संकरित बियाणं नको.

खानदेशी उन्हाळ्यात फुलं गळतात, म्हणून बी जुलैत टाकावं. चार-पाच आठवड्यांनी रोपं वीतभर झाली की तीन फुटांवर लावणी. काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा गादीवाफा उंच करा. प्रत्येक वाणाची निदान तीन झाडं हवीत, सगळ्यांना खत-पाणी सारखं. एकाच झाडावरून वाणाला नावं ठेवू नयेत.

खरी डोकेदुखी शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. एखादा शेंडा भर पाण्यातही मान टाकून दिसला की अळी आत शिरली समजा. तो खालून खुडून जाळून टाका. खताच्या खड्ड्यात टाकलात तर तिचे पतंग होऊन परत तुमच्याच वांग्यांवर. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, गाळून फवारा.

फळाची चकाकी जायच्या आत तोडा, नाहीतर बिया कडक होतात. आता मुख्य परीक्षा. देखण्या वांग्यावर जाऊ नका. प्रत्येक वाणाचं साधारण सारख्या वजनाचं वांगं घ्या, तेलाचा हात लावून टोचा आणि कपाशीच्या काड्यांवर भाजा. सोलून गराचं वजन करा. साल अलगद सुटते का, पाणी किती सुटतं, बिया दाताखाली येतात का, हे लिहून ठेवा. गर बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचून आधी नुसत्या मिठाबरोबर चाखा. मिरची-लसूण पडल्यावर सगळीच वांगी चांगली लागतात.

जो वाण पसंत पडेल त्याच्या निरोगी झाडावरच्या दोन-तीन कळ्यांना उमलण्याआधीच मलमलची पिशवी बांधा, कारण मधमाश्या शेजारच्या वाणाचे परागकण आणतात. फळ धरलं की पिशवी काढून खुणेचा दोरा बांधा. ते झाडावरच पिवळं पडू द्या, बी धुऊन सावलीत वाळवा आणि राखेत मिसळून काचेच्या बरणीत भरा. वर वाणाचं नाव आणि साल लिहा, पेन्सिलीनं; शाई ओलीनं पुसते.