फंडरेझरच्या दारातलं टेबल

सप्टेंबर २०२४. न्यू जर्सीतल्या एडिसनला ओळखीच्या काकूंच्या घरी अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, एका उमेदवार बाईंसाठी फंडरेझर, म्हणजे प्रचारासाठी पैसे गोळा करायचा कार्यक्रम, होता. मी एमएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. काकूंचा फोन आला, "शनिवारी दोन-तीन तास येशील का गं? दारात नावं लिहून घ्यायला कुणीतरी हवंय." मी गेले. तुम्हाला असं बोलावणं आलं तर जरूर जा, पण काही गोष्टी आधी माहीत करून घ्या. मला त्या तिथे उभं राहून कळल्या.

सगळ्यांत आधी पैशाचं. विद्यार्थी व्हिसावर असताना इथल्या कुठल्याही निवडणुकीसाठी एक डॉलरसुद्धा देता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर देता येतो. मला याचा पत्ता नव्हता. सगळे देताहेत, आपण रिकाम्या हातानं कसं उभं राहायचं, म्हणून मी वीसची नोट पुढे केली. हिशोब बघणाऱ्या मुलानं आधी व्हिसा विचारला आणि नोट माझ्या हातात परत ठेवली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्यानं मात्र शांतपणे समजावलं: विनामोबदला काम कर, पण प्रचाराचा टी-शर्टही विकत घेऊ नकोस, तीसुद्धा देणगीच धरतात. पैसा कुठे खर्च करायचा, असल्या निर्णयांतही आपण पडायचं नाही. आणि कामाचे पैसे कुणी देऊ केले तर सरळ नाही म्हणा, व्हिसाचा प्रश्न आहे.

टेबलावरचं काम सोपं दिसतं, पण सगळी जबाबदारी तिथेच असते. फॉर्मवर नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी कुठे, हे सगळं लागतं. देणगी २०० डॉलरच्या वर गेली की ही माहिती मिळवायचा प्रयत्न करणं प्रचारवाल्यांवर कायद्यानं बंधनकारक आहे. 'नोकरी कुठे' या रकान्यापाशी लोक अडतात. एक आजी म्हणाल्या, "मी काय लिहू? मी तर घरीच असते." त्यांना तेच लिहायला सांगितलं. १०० डॉलरच्या वर रोख घेता येत नाही. पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक जूनमध्येच होऊन गेली होती, त्यामुळे फक्त नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीसाठीची माणशी ३,३०० डॉलरची मर्यादा उरली होती. एका काकांनी आपल्या कंपनीच्या खात्याचा चेक दिला. काँग्रेसच्या उमेदवाराला कंपनीचा पैसा चालत नाही, म्हटल्यावर ते चिडले. शेवटी त्यांच्या बायकोनं पर्समधून घरचं चेकबुक काढलं. अशा वेळी वाद घालू नका, पण चेकही घेऊ नका.

मोठ्या देणग्यांची ही नावं पुढे इथल्या निवडणूक आयोगाच्या साइटवर येतात, कुणालाही बघता येतात. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला आपल्या भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले होते. पैसा कुणी दिला हे मतदाराला कळायला हवं, हाच तिथला मुद्दा होता. इथेही सुपर पॅकचा, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करणाऱ्या गटांचा, अमर्याद पैसा आहे आणि तो मला खटकतो. पण त्या टेबलावर एकेक रकाना भरून घेताना त्या निकालाचा अर्थ मला पहिल्यांदा नीट समजला.

आता उमेदवाराला भेटण्याचं. बाई गॅरेजच्या दारानं आल्या. आपल्या घरांतली रीत बघून त्यांनी चपलांच्या ढिगाशेजारी बूट काढले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकल्या. दोन्ही टाचांना बँडेजपट्ट्या होत्या. सकाळपासून दारोदार फिरत होत्या. काकूंनी बटाटेवडा दिला, तो त्यांनी उभ्याउभ्याच संपवला. मग माझ्या छातीवरचं नाव वाचलं, मला म्हणून दाखवायला सांगितलं आणि 'ण' जमेपर्यंत तीनदा म्हटलं.

मी माझ्या संशोधनावर दोन वाक्यं पाठ करून गेले होते. त्यांनी विचारलं भलतंच: "टेबलापाशी लोक काय बोलताहेत?" मी खरं ते सांगितलं. ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल बोलताहेत. एका देशाला वर्षाच्या कोट्यातली साधारणपणे सात टक्क्यांहून जास्त कार्डं मिळत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्यांची मुलं एकविशी ओलांडून आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडताहेत. त्यांनी "एकवीस?" असं विचारून तळहाताएवढ्या वहीत ते टिपून घेतलं. जेमतेम एक मिनिट झालं असेल, तेवढ्यात सोबतचा मुलगा त्यांना हॉलमध्ये घेऊन गेला. भाषणात त्या म्हणाल्या, "दारातल्या मुलीनं मला आत्ताच सांगितलं..." म्हणून म्हणते, स्वतःची ओळख पाठ करत बसू नका. टेबलापाशी कान उघडे ठेवा आणि ऐकलेली एक गोष्ट सांगा. फोटो नंतर मिळतो, सगळ्यांनाच मिळतो.

रात्री फॉर्म मोजले तर दोघांचा नोकरीचा रकाना कोरा होता. काकूंकडून नंबर घेतले आणि घरी जायच्या आधी दोघांनाही फोन केला.