पासपोर्ट फोटोंची शीट पायथॉनने काढण्याआधी

४ बाय ६ इंचाच्या कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसवायचे आहेत. पायथॉन आणि पिलो (पायथॉनमधली फोटो हाताळायची लायब्ररी) टाकून ठेवलेलं असेलच. मूळ फोटो व्हॉट्सॲपवर मागवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबून बारीक केलेला हाती येतो.

गणित कोड लिहायच्या आधी कागदावर करा. इंचात २५.४ मिलिमीटर, आणि छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरायचे, हाच डीपीआय. ३५ भागिले २५.४, गुणिले ३०० म्हणजे ४१३ पिक्सेल. तसंच ४५चे ५३१. कागद आडवा धरून १८०० बाय १२००. आडवे चार, उभे दोन. आडव्यात १४८ पिक्सेल उरतात, उभ्यात १३८. कातरीसाठीच्या फटी आणि कडेची जागा त्यातूनच काढायची. चेहरा कापून घेतल्यावर ४१३ बाय ५३१पेक्षा कमी पिक्सेल उरत असतील तर सरळ दुसरा फोटो मागा. ताणून आकडा वाढतो, डोळे-भुवया स्पष्ट होत नाहीत.

आणि सेव्ह करताना डीपीआय द्या. सेव्हची ओळ आत्ताच लिहा, त्यात डीपीआय ३००, ३०० टाका, मग बाकीचा कोड.

फोटो उघडल्याबरोबर एक्झिफ ट्रान्सपोज चालवा. एक्झिफ म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली माहिती; तिच्याप्रमाणे हे फोटो फिरवून सरळ करतं. फोनमधला उभा फोटो बऱ्याचदा आडवाच साठवलेला असतो. तो सरळ दिसतो एक्झिफमधल्या एका नोंदीमुळे, आणि जेपेग सेव्ह करताना पिलो ती नोंद आपणहून पुढे नेत नाही. रंग कसे दाखवायचे हे सांगणाऱ्या आयसीसी प्रोफाइलचीही तीच गत. आणि डीपीआयचीही! मूळ फाइलमध्ये ३०० होतं म्हणून नव्या फाइलमध्ये येईल, असं गृहीत धरलं की मागच्या वेळी माझं झालं ते तुमचं होणार. इथे तर शीट कोरीच तयार केलेली, तिला मूळ फाइलचं काही ठाऊकच नाही. माझे पिक्सेल अगदी बरोबर होते, फाइलमध्ये डीपीआयचा आकडा तेवढा राहिला होता. मग छापणारं सॉफ्टवेअर मनाचं धरतं: कुणी ७२, कुणी ९६. ७२ने १८०० पिक्सेल म्हणजे २५ इंच! ते कागदात बसवायला सॉफ्टवेअर आपल्याच हिशोबाने लहान करतं आणि ३५ मिलिमीटर गेले वाऱ्यावर.

रीसाइझ वापरू नका, ते प्रमाण पाळत नाही, माणूस चपटा होतो. पिलोच्या इमेजऑप्समधलं फिट घ्या, ते प्रमाण राखून जादा भाग कापतं. वरून केस कापले जात असतील तर फिटच्या सेंटरिंगचा दुसरा आकडा, म्हणजे उभ्या दिशेचा, ०.५वरून खाली आणा. पार्श्वभूमी पांढरी असेल तर प्रत्येक फोटोला पुसट करडी रेघ द्या, नाहीतर पांढऱ्या कागदावर कापायचं कुठे ते कळत नाही.

जेपेगची क्वालिटी ९५. न सांगितल्यास पिलो ७५ धरतं. डीपीआय दिलंत ना? सेव्ह झालेली फाइल पिलोने पुन्हा उघडून तिच्या इन्फोमध्ये बघा. पीएनजी असेल तर २९९.९९९४ दिसेल, घाबरू नका, तिथे नोंद मीटरमागे पिक्सेल अशी असते.

छापताना १०० टक्के, फिट टू पेज बंद. आधी एकच प्रत काढा आणि पट्टीने मोजा. ३३ भरले तर फिट टू पेज कुठेतरी चालू राहिलंय.