एरंडेलाच्या बायोडिझेलमध्ये ग्लिसरीन खाली बसत नाही? माझा अनुभव

लक्षण असं: तेलात मिथेनॉल-केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून ढवळलं, रात्रभर ठेवलं, तरी थर (वर बायोडिझेल, खाली ग्लिसरीन) वेगळे होत नाहीत. सगळं एकसंध, मधाच्या रंगाचं. आणखी वेळ ठेवून, थंड करून पाहिलं. घाईने पाणी घातलं तर ताकासारखं पांढरं झालं. करंजाच्या तेलाने असं कधी छळलं नव्हतं, वैताग आला.

कारण तेलातच आहे. एरंडेलात 85 ते 90 टक्के रिसिनोलेइक आम्ल. त्यातल्या हायड्रॉक्सिल (OH) गटामुळे एस्टर (म्हणजेच बायोडिझेल), मिथेनॉल आणि ग्लिसरीन एकमेकांत विरघळून राहतात.

जमलं ते असं. आधी तेल 110 अंशांवर, बुडबुडे थांबेपर्यंत तापवलं, म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. फोंड्याच्या पावसाळी हवेत हे टाळूच नका. 50 अंशांवर आणून 1 लिटर तेलाला 250 मिली मिथेनॉल, त्यात आधीच विरघळवलेलं 10 ग्रॅम केओएच. तासभर ढवळलं. मग, हीच खरी किल्ली, वरून 200 ग्रॅम कोमट, कोरडं ग्लिसरीन घालून हलकेच ढवळलं आणि सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली तोटी असलेलं भांडं) रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी गडद थर, रेघ मारल्यासारखा. तो सोडला, उरलेलं मिथेनॉल कंडेन्सर (वाफ थंड करून परत द्रव करणारी नळी) लावून वॉटर बाथवर काढलं, मगच थोडं व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्याने न हलवता धुतलं. मिथेनॉलची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही असते. गॅसची शेगडी जवळ नको, दारं उघडी हवीत.

थर सुटले तरी हे इंधन दाटच राहतं: 40 अंशांवर साधारण 14 सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक), एएसटीएम डी6751 या बायोडिझेलच्या अमेरिकी मानकाची मर्यादा 6. म्हणून मी ते डिझेलमध्ये थोडंच मिसळतो.