चाइल्ड लँग्वेज लॅबमध्ये व्हॉलंटियर व्हायचंय? माझा वर्षभराचा अनुभव

अमेरिकेत सायकॉलॉजी, लिंग्विस्टिक्स नाहीतर स्पीच थेरपी शिकायला येणारे बरेच जण विचारतात की रिसर्चचा काही अनुभव नसताना चाइल्ड लँग्वेज लॅबमध्ये, म्हणजे लहान मुलं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या लॅबमध्ये, घेतात का. घेतात, मला घेतलं. अट एवढीच होती की आठवड्याला आठ तास यायचं, निदान दोन सेमिस्टर टिकायचं, आणि पैसे मिळणार नाहीत. दोन सेमिस्टर का ते नंतर कळलं, आम्हाला शिकवण्यातच त्यांचा दीड महिना जातो.

सगळ्यात आधी सिटी नावाचा ऑनलाइन कोर्स करावा लागला, माणसांवर रिसर्च करतानाचे नियम, संमती, गोपनीयता वगैरे, तो झाल्याशिवाय एकही रेकॉर्डिंग उघडू देत नाहीत. मग पालकांना फोन. इथे एकच सांगते, बाळाची झोपायची वेळ विचारूनच अपॉइंटमेंट द्या.

प्रयोग दिसायला साधा असतो. बाळ आईच्या मांडीवर, समोर स्क्रीनवर एका बाजूला चेंडू आणि दुसऱ्या बाजूला बूट, आणि स्पीकरमधून आवाज येतो, "बॉल कुठेय?" शब्द कळत असेल तर बाळ चेंडूकडे बघतं. आईच्या कानाला हेडफोन लावून गाणी लावतात, नाहीतर ती नकळत चेंडूकडे वळते आणि बाळ तिच्यामागे. नंतर तो व्हिडिओ फ्रेम फ्रेम करत बघायचा, सेकंदाला ३० फ्रेम, बाळाचे डोळे डावीकडे की उजवीकडे, आणि तेही आवाज बंद ठेवून, म्हणजे कुठला शब्द विचारलाय ते आपल्यालाच माहीत नसतं. डोळे खूप दुखतात, अधूनमधून उठत जा.

पण मला खरं शिकवलं ते ट्रान्सक्रिप्शनने, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून बोलणं जसंच्या तसं लिहून काढण्याने. लहान मुलांच्या बोलण्याचा चाइल्ड्स नावाचा मोठा संग्रह आहे, १९८४ मध्ये ब्रायन मॅकविनी आणि कॅथरीन स्नो यांनी सुरू केलेला, त्याच्याच पद्धतीने आम्ही लिहायचो. माझी पहिली दहा मिनिटांची फाइल, तिला तीन तास लागले. त्यात दोन वर्षांचा मुलगा खेळण्यातला घोडा उचलून काहीतरी म्हणतो, मी लिहिलं 'हॉर्सी'. मला शिकवणाऱ्या पीएचडीच्या मुलीने तेवढाच तुकडा परत लावला आणि विचारलं, "ह कुठेय?" तीन वेळा ऐकलं, ह नव्हताच, तो 'ऑसी' म्हणत होता. त्याला काय म्हणायचंय हे मला माहीत होतं म्हणून माझ्या कानाने ह भरून टाकला होता! मुलाने उच्चारलं तेच लिहायचं, अर्थ शेजारी कंसात, आणि कळलंच नाही तर अंदाज न बांधता नुसतं एक्स एक्स एक्स. हे जमायला मला पूर्ण सेमिस्टर लागलं.

लॅब मीटिंग चुकवू नका, तिथे गप्प बसलं तरी चालतं. एकदा जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा पेपर होता, इंग्लिश घरातल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ट आणि त वेगळे ऐकू येतात आणि १० ते १२ महिन्यांपर्यंत बहुतेकांना तो फरक कळेनासा होतो. मला म्हणाले म्हणून दाखव, मी 'ताट' म्हटलं. परत म्हटलं, सावकाश म्हटलं, पण पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर त्यांना एकच वाटत होतं, आणि सगळे इतकं मन लावून ऐकत होते की मला भरून आलं.

ईमेल सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच टाका. लॅबचा एक पेपर वाचून त्याबद्दल दोन ओळी लिहा, लहान मुलांना सांभाळलं असेल तर ते लिहा, आणि मराठी येतं हे तर नक्की लिहा, मी लिहिलं नव्हतं.

परवा ताईचा व्हिडिओ कॉल होता, भाचा म्हणाला, "मावशी, मी जेवण करलं." ताईने लगेच "केलं म्हण" म्हणून टोकलं. मारलं, भरलं, तसं करलं, नियम त्याचा त्याने शोधलाय, कुणी शिकवला नाही. मी म्हटलं, थांब ताई, परत बोलू दे त्याला.