'करण्यात आले' खोडा, कर्ता शोधा

मजकूर मोठ्याने वाचा. 'करण्यात आले', 'देण्यात येते', 'संपन्न झाला', 'प्रकार घडला' दिसेल तिथे रेघ ओढा.

सोपे आधी उरका. 'निर्णय घेतला'चे 'ठरवले', 'विचारणा केली'चे 'विचारले', 'प्रस्थान केले'चे 'निघाले'.

खरी अडचण पुढे आहे. पंचायतीच्या पत्रकात लिहिलेले असते, 'गावातील बांधाच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले.' कोणी घेतले? पंचायतीने, शेतकऱ्यांच्या संघाने की सरकारी खात्याने? मला सर्वांत जास्त दमवले ते याच पायरीने, कारण इथे शब्दकोश कामाला येत नाही, फोन करून विचारावेच लागते. उत्तर मिळाले की वाक्य आपोआप सरळ होते: 'शेतकऱ्यांच्या संघाने बांध दुरुस्तीला घेतला.' नाही मिळाले, तर वाक्य आहे तसे ठेवा. कर्ता अंदाजाने बसवलात तर लिहिलेले खोटे ठरेल, त्यापेक्षा ढिले वाक्य परवडले.

'कर्मणी प्रयोग टाळा' असे कोणी शिकवले तर मुळीच ऐकू नका. तो नियम इंग्रजीतून उचललेला आहे. 'शेतकऱ्यांनी भिंत बांधली' हा कर्मणी प्रयोगच; क्रियापद भिंतीच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते. तरी करणारा समोर आहे आणि वाक्य ठणठणीत आहे. भूतकाळातले सकर्मक वाक्य मराठीत बहुधा असेच होते. दोष आहे तो करणाऱ्याला लपवणाऱ्या 'ण्यात येणे'चा.

आता नेमके क्रियापद निवडा. 'बांध फुटून खारे पाणी शेतात जाण्याचा प्रकार घडला' याऐवजी 'बांध फुटला आणि खारे पाणी खाजनात घुसले.' (खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतजमीन.) मात्र मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या दाराच्या, फळ्यांच्या फटीतून पाणी थोडे थोडे आत येत असेल तर 'घुसले' चूक, तिथे 'झिरपले'च हवे. पावसात झाड मुळासकट गेले तर 'उन्मळले', खोडात तुटले तर 'मोडले'. नक्की काय झाले ते ठाऊक नसेल तर साधे 'पडले' लिहा. जोर यावा म्हणून 'थैमान' आणि 'हाहाकार' ओढून आणू नका, ती नामेच आहेत आणि पुन्हा 'घातले', 'माजला' मागतात.

शब्द कापताना संयुक्त क्रियापदांना हात लावू नका. 'तो निघाला' आणि 'तो निघून गेला' यांत फरक आहे. दुसऱ्यात तो आता इथे नाही.